मोटारीच्या टायरवरील अक्षरें

आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या खेड्यांत वाढलेल्या मनुष्यास चाकाची ओळख बालपणींच होते. लोहार बंडीच्या लांकडी चाकावर धांव चढवीत आहे, भट्टींत लाल झालेली ती लोखंडी कडी चिमट्यांनीं उचलून चाकावर बसविली जात आहे, आणि पाणी ओतलें जातांच वाफेचा लोट उठून ती आवळून बसत आहे, हें दृश्य ज्यांनीं पाहिलें ते तें सहसा विसरत नाहींत. धांव सैल झाली कीं शेतकऱ्यास चाकाच्या आवाजावरून कळे. ती झिजली कीं डोळ्यांस दिसे. तिच्यावर कांहीं लिहिलेलें नसे, आणि लिहिण्याची गरजहि नसे.

बंडीची जागा आतां बहुतेक ठिकाणीं मोटारीनें व ट्रॅक्टरनें घेतली आहे. गोंदिया, तिरोडा, आमगांव, देवरी, कोणत्याहि गांवीं जा, एम्. एच्. ३५ या अक्षरांची पाटी लावलेलीं चारचाकी वाहनें ठिकठिकाणीं उभीं दिसतात. त्यांच्या चाकांवरहि एक धांव असते. परंतु ती लोखंडाची नसून रबर, धागे व पोलादी तारा यांची असते, आणि तिला आपण टायर म्हणतों. लोखंडी धांवेचे दोष उघड दिसत; या रबरी धांवेचे पुष्कळसे गुणदोष नुसत्या डोळ्यांस दिसत नाहींत. ती किती ओझें पेलील, किती वेग सोसील, किती वर्षांची झाली आहे, हें पाहून सांगतां येणार नाहीं. म्हणूनच तिचा कारखानदार हीं सारीं उत्तरें तिच्या बाजूवर उमटवून ठेवतो. तीं अक्षरें आपण रोज पाहतों, पण वाचीत मात्र नाहीं. तीं कशीं वाचावीं हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा हेतु कसा उत्पन्न झाला तें प्रथम सांगितलें पाहिजे, कारण त्यांत आमचीच चूक आहे. २०२४ च्या मे महिन्यांत आम्ही कुटुंबासह गोंदियाहून नागपुरास निघालों होतों. गाडींत वृद्ध आई, घरची मंडळी, दोन मुलें आणि नातलगांसाठीं घेतलेले तांदळाचे दोन कट्टे होते. गोरेगांव मागें टाकून कोहमाऱ्यास राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आलों तेव्हां दुपारचे बारा वाजून गेले होते व सडक तव्यासारखी तापली होती. साकोलीच्या अलीकडे एकाएकीं मोठा आवाज झाला आणि गाडीचा मागचा भाग डोलूं लागला. भीतीनें आमचा पाय ब्रेकवर पडला, तशी गाडी अधिकच आडवी होऊं लागली. मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकानें आपलें वाहन वेळींच बाजूस घेतलें, म्हणून कोणास इजा झाली नाहीं. डावीकडील मागचा टायर फाटून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या.

स्टेपनी लावून आम्ही साकोलीस पोहोंचलों आणि रस्त्याकांठच्या एका पंक्चरच्या दुकानापुढें थांबलों. दुकानांतील तरुण आम्हांस पाहतांच उठून उभा राहिला. तो आमचाच जुना विद्यार्थी निघाला. इंग्रजींत नापास होऊन त्यानें नववींतच शाळा सोडली होती. त्यानें फुटलेला टायर जमिनीवर आडवा टाकला, चिंधीनें पुसला, आणि एका लहानशा चौकटींतील चार अंकांवर बोट ठेविलें.

“सर, हा टायर केव्हां घेतला होता?”

“दोन वर्षें झालीं. अगदीं नवा घेतला होता.”

“नवा नव्हे, सर. हा २०१६ चा आहे. तुम्हीं घेतला तेव्हांच सहा वर्षांचा होता. आणि हवा किती भरतां?”

टायरवरचाच एक अंक दाखवून आम्हीं सांगितलें, “येथें ४४ लिहिलें आहे, तितकी भरतों.”

तो क्षणभर गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, “सर, ती शेवटची मर्यादा आहे. भरायची किती, तें दाराच्या चौकटीवर लिहिलेलें असतें.”

आमचीं वीस वर्षें गणित शिकविण्यांत गेलीं. दोन अंकांमधील तिरप्या रेघेचा अर्थ आम्हीं मुलांस असंख्य वेळां समजावून दिला. पण आपल्याच गाडीच्या चाकावरील तिरपी रेघ कधीं वाचली नव्हती. पुढील धड्याचा आरंभ त्या दुकानाच्या ओसरीवर झाला. मागाहून आम्हीं तो ग्रंथांतून व प्रत्यक्ष मापें घेऊन पडताळून पाहिला आहे.

टायरचा थोडासा पूर्वेतिहास

कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होतें व थंडींत ठिसूळ होतें. १८३९ सालीं अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर यास रबर व गंधक एकत्र तापविल्यास हा दोष जातो असें आढळून आलें. हवा भरलेल्या चाकाची कल्पना रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालीं नोंदविली. परंतु ती त्या काळीं मागें पडली. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तीच युक्ति पुन्हां काढली, आणि ती जगभर पसरली. आपल्या देशांत बंगालमधील हुगळी जिल्ह्यांत साहागंज येथें डनलॉप कंपनीचा टायरचा कारखाना १९३६ सालीं सुरू झाला. आज तर चाकण येथें मोटारींचे व नागपूरजवळ बुटीबोरी येथें दुचाकींचे टायर तयार होतात. म्हणजे टायर ही परदेशाहून येणारी नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. तिची भाषा मात्र आपणांस अजून परकी आहे.

१. मापाचे अंक

टायरच्या बाजूवर मोठ्या ठशांत पुढीलसारखी एक ओळ आढळते: १८५/६५ आर १५ ८८ एच. ही ओळ रोमन लिपींत व इंग्रजी अंकांत असते. येथें ती देवनागरींत दिली आहे. मध्यम आकाराच्या पुष्कळ मोटारींस हें माप लागतें, म्हणून तेंच उदाहरणास घेऊं.

पहिला अंक १८५ हा टायरच्या रुंदीचा असून तो मिलिमीटरांत आहे. ही रुंदी एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतची होय. जमिनीस टेकणाऱ्या पट्ट्याची नव्हे. त्यापुढील तिरपी रेघ पाहून विद्यार्थ्यांस भागाकार आठवेल. पण येथें १८५ ला ६५ नें भागावयाचें नाहीं. ६५ हे शेंकडा प्रमाण आहे. टायरच्या बाजूची उंची ही त्याच्या रुंदीच्या शेंकडा ६५ आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे १८५ चे शेंकडा ६५, अर्थात् १२०·२५ मिलिमीटर. रुंदी मिलिमीटरांत, उंची शेंकड्यांत, आणि पुढें दिसेल त्याप्रमाणें रिमचा व्यास इंचांत, अशी तीन तऱ्हांची मोजणी एका ओळींत नांदते. तेणेंकरून पुष्कळांचा गोंधळ होतो.

आर हें अक्षर रेडियल या शब्दाचें आहे. टायरच्या रबराच्या आंत धाग्यांचे थर असतात. जुन्या पद्धतींत हे थर एकमेकांवर तिरपे टाकीत. रेडियल टायरांत ते चाकाच्या आऱ्यांप्रमाणें एका कांठापासून दुसऱ्या कांठाकडे सरळ जातात, व त्यांच्यावर पोलादी तारांचा पट्टा बसविलेला असतो. मिशेलिन या फ्रेंच कंपनीनें या रचनेचें पेटंट १९४६ सालीं घेतलें. आज मोटारींस बहुधा हेच टायर असतात. रेडियल व तिरप्या थरांचा असे दोन भिन्न टायर एकाच आंसावर कधींहि बसवूं नयेत, कारण वळणावर दोघांचें वागणें सारखें नसतें.

१५ हा रिमचा व्यास असून तो इंचांत आहे. आतां संपूर्ण चाकाची उंची काढतां येईल. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यांत वरची व खालची बाजू मिळवावी: ३८१ + १२०·२५ + १२०·२५ = ६२१·५ मिलिमीटर. यास ३·१४१६ नें गुणिलें असतां चाकाचा परिघ सुमारें १९५२ मिलिमीटर येतो. म्हणजे एक किलोमीटर जाण्यास हें चाक सुमारें ५१२ वेळां फिरतें, आणि दीडशें किलोमीटरांच्या प्रवासांत त्याचे ७६ हजारांहून अधिक फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यास टायरचा प्रत्येक भाग जमिनीपाशीं दबतो व पुन्हां फुगतो. ही संख्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

दुकानदार कधीं कधीं “हें माप नाहीं, पण त्याच्यासारखेंच आहे” असें म्हणून दुसरा टायर देऊं करतो. तेव्हां वरील हिशेब उपयोगी पडतो. १६५/८० आर १४ हा टायर घ्या. त्याच्या बाजूची उंची १३२ मिलिमीटर, रिम ३५५·६ मिलिमीटर, एकंदर उंची ६१९·६ मिलिमीटर. आमच्या टायरशीं ताडून पाहतां फरक दोन मिलिमीटरांचाहि नाहीं. तरी तो १५ इंची रिमवर बसणारच नाहीं. उलट १८५/७० आर १५ हा रिमवर बसेल. परंतु त्याची उंची ६४० मिलिमीटर भरते, म्हणजे शेंकडा तीन अधिक. मग काट्यावर ताशीं १०० किलोमीटर दिसत असतां गाडी वास्तविक १०३ च्या गतीनें धांवत असेल, आणि टायर चिखलपट्टीस घासण्याचाहि संभव राहील. तात्पर्य, सारखें दिसणें आणि सारखें असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत.

२. भार व वेग

मापानंतरचे ८८ व एच हे दोन संकेत ग्राहक बहुधा वाचीतच नाहीं, आणि आमच्या मतें हेच अधिक महत्त्वाचे आहेत. ८८ म्हणजे ८८ किलो नव्हेत. तो एका ठराविक कोष्टकांतील क्रमांक आहे. त्या कोष्टकांतील कांहीं क्रमांक असे:

७५ — ३८७ किलो
८२ — ४७५ किलो
८५ — ५१५ किलो
८८ — ५६० किलो
९१ — ६१५ किलो
१०० — ८०० किलो

हा भार एका टायरचा होय. ८८ क्रमांकाचे चार टायर मिळून २,२४० किलो पेलतात. त्यांच्या जागीं ८२ क्रमांकाचे चार बसविल्यास ती शक्ति १,९०० किलोंवर येते. हा ३४० किलोंचा तोटा म्हणजे पांच मोठीं माणसें होत. टायर स्वस्त पडला म्हणून आनंद मानणाऱ्यानें तो ज्या पांच माणसांच्या जिवावर स्वस्त पडला त्यांची आठवण ठेवावी. शिवाय ओझें चारी चाकांवर समान वांटलें जात नाहीं. मागच्या डिकींत तांदळाचे कट्टे घातले तर त्यांचा बहुतेक भार मागच्या दोन टायरांवर पडतो.

एच हें अक्षर वेगाचें आहे. क्यू म्हणजे ताशीं १६० किलोमीटर, आर १७०, एस १८०, टी १९०, यू २००, एच २१०, व्ही २४० व डब्ल्यू २७०. एच हें अक्षर क्रम सोडून यू नंतर येतें, एवढें ध्यानांत धरावें. येथें कोणी विचारील कीं, नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटरांच्या समृद्धि महामार्गावरसुद्धां मोटारीस ताशीं १२० किलोमीटरांहून अधिक वेग घेण्याची मनाई आहे, मग २१० चें काय प्रयोजन? याचें उत्तर असें कीं, हें अक्षर उष्णता सोसण्याची शक्ति सांगतें. वर सांगितलेल्या हजारों फेऱ्यांत टायर दबतो व फुगतो, त्यानें तो आंतून तापतो. वेग जितका अधिक तितका ताप अधिक. त्यांत आमच्या विदर्भांतील वैशाखाच्या दुपारची सडक भर घालते. २०२३ सालीं याच महामार्गाच्या तोंडाशीं परिवहन खात्यानें गाड्यांचे टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्यांस आंत जाण्यास मनाई केली, ती उगीच नव्हे. यास्तव मूळच्या टायरवर जें वेगाचें अक्षर असेल त्याहून खालचें अक्षर घेऊं नये.

३. टायरची जन्मतारीख

टायरच्या बाजूवर डी. ओ. टी. हीं तीन अक्षरें व त्यांच्यापुढें कांहीं अक्षरें व अंक असतात. हीं तीन अक्षरें अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या नांवाचीं असून त्यांच्या लगतची खूण कारखाना कोणता तें सांगते. आपणांस हवे ते शेवटचे चार अंक. २००० सालापासून ही पद्धत आहे: पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या फुटलेल्या टायरवर ३२१६ असे अंक होते. म्हणजे तो २०१६ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यांत, अर्थात् ऑगस्टमध्यें, तयार झाला होता. १२२४ असे अंक दिसल्यास ते डिसेंबर २०२४ असे वाचूं नयेत; बारावा आठवडा मार्च महिन्यांत येतो.

आणखी एक बारकावा आहे. हे चार अंक पुष्कळ टायरांच्या एकाच बाजूवर असतात. दुसऱ्या बाजूस डी. ओ. टी. हीं अक्षरें असतात, पण तारीख नसते. अंकांची बाजू आंत करून टायर बसविला तर गाडीखालीं शिरल्यावांचून ते दिसत नाहींत. म्हणून टायर रिमवर चढविण्यापूर्वींच दोन्ही बाजू पाहून घ्याव्या.

वयास इतकें महत्त्व कां? रबरावर हवेंतील प्राणवायूचा व उष्णतेचा सतत परिणाम होतो. तें हळूहळू कडक होतें, त्याची लवचिकता जाते व त्यास बारीक चिरा पडतात. टायर न वापरतां ठेविला तरी ही क्रिया थांबत नाहीं; थंड व काळोख्या जागीं ती मंद होते, इतकेंच. कांहीं मोटार-कारखानदार सहा वर्षांनंतर टायर बदलण्यास सांगतात, आणि कांहीं टायर-कारखानदार, झीज झालेली नसली तरी, दहा वर्षें ही शेवटची मर्यादा मानतात. कारखान्यांतून दुकानापर्यंत येण्यास कांहीं महिने लागणें स्वाभाविक आहे. त्याबद्दल दुकानदाराशीं भांडण्याचें कारण नाहीं. परंतु सहा वर्षांचा टायर नवा म्हणून विकला जाणें आणि आपण तो न वाचतां घेणें, या दोन्ही गोष्टींस क्षमा नाहीं.

घरीं परतल्यावर आम्हीं उरलेल्या टायरांवरील अंक वाचले. ज्या स्टेपनीवर विसंबून आम्ही आईस घेऊन साकोलीपर्यंत गेलों तिच्यावर २८१२ असे अंक होते. ती कधीं वापरलीच नव्हती, तिच्या खांचा अगदीं कोऱ्या होत्या, आणि ती बारा वर्षांची होती. स्टेपनी हा शब्द इंग्लंडलगतच्या वेल्स प्रांतांतील लॅनेली गांवच्या स्टेपनी नांवाच्या रस्त्यावरून आला आहे. तेथें १९०४ च्या सुमारास जादा चाकें तयार करून विकीत. संकटाच्या वेळीं कामास यावें म्हणून जें चाक आपण बाळगतों त्याचेंच वय आपण सर्वांत कमी वेळां पाहतों.

४. हवेचा अंक

टायरवर बारीक अक्षरांत जास्तींत जास्त भार व जास्तींत जास्त दाब लिहिलेला असतो. उदाहरणार्थ ३०० किलोपास्कल, म्हणजे दर चौरस इंचास सुमारें ४४ पौंड. ही टायरची अखेरची मर्यादा आहे; रोजचें माप नव्हे. रोज किती हवा ठेवावी हें मोटारीचा कारखानदार ठरवितो, कारण गाडीचें वजन त्यास ठाऊक असतें. तें बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पत्रिकेंत लिहिलेलें असतें, आणि भरलेल्या गाडीसाठीं तेथें पुष्कळदां निराळा अंक दिलेला असतो.

हवा कमी असली तर टायर प्रत्येक फेऱ्यास अधिक दबतो व अधिक तापतो. उन्हाळ्यांत फुटण्याचें हें मोठें कारण होय. हवा फार झाली तर टायरचा मधलाच भाग जमिनीस टेकतो, तोच झिजतो, पकड कमी होते, आणि खड्ड्याचा आघात कडक झालेल्या टायरास सोसत नाहीं. आमचा टायर एकाच कारणानें फुटला असें म्हणणें बरोबर होणार नाहीं; त्याचें वय, हवा, ओझें व ऊन हीं चारी त्या दिवशीं एकत्र आलीं होतीं. त्यांपैकीं ऊन तेवढें आमच्या हातचें नव्हतें.

दाब नेहमीं थंड टायरचा मोजावा, म्हणजे सकाळीं निघण्यापूर्वीं. तपमान सुमारें साडेपांच अंश सेल्सियस वाढलें कीं दाब सुमारें एक पौंडानें वाढतो. यास्तव वाटेंत तापलेल्या टायरचा अंक वाढलेला दिसला म्हणून हवा सोडूं नये. टायर निवाल्यावर ती कमी पडेल.

५. इतर खुणा

आपल्या देशांत मोटारीच्या टायरवर आय. एस. आय. ची खूण असणें सक्तीचें आहे. त्याविषयींचा केंद्र सरकारचा हुकूम २००९ चा आहे. या खुणेबरोबर आय. एस. १५६३३ हा मानकाचा क्रमांक व परवान्याचा क्रमांक पाहावा.

ट्यूबलेस असें लिहिलें असल्यास आंत ट्यूब लागत नाहीं. ट्यूब टाइप असल्यास लागते. रोटेशन या शब्दापुढें बाण असेल तर पुढें जातांना चाक त्याच दिशेनें फिरलें पाहिजे. आउटसाइड असें लिहिलेली बाजू बाहेर राहिली पाहिजे. एक्स. एल. ही खूण अधिक भार पेलणाऱ्या टायरची आहे. कांहीं टायरांवर टेंपरेचर या शब्दापुढें ए, बी किंवा सी असतें. ही अमेरिकन प्रतवारी असून ए हा उष्णतेस सर्वांत टिकणारा वर्ग होय. आमच्यासारख्या उष्ण प्रदेशांत ही खूण अवश्य पाहावी.

टी. डब्ल्यू. आय. हीं तीन अक्षरें किंवा लहानसा त्रिकोण टायरच्या खांद्याजवळ असतो. त्याच्या रेषेंत खांचेमध्यें पाहिलें तर रबराचा एक आडवा उंचवटा दिसतो. त्याची उंची १·६ मिलिमीटर असते. टायर झिजतां झिजतां या उंचवट्याशीं समतल झाला कीं त्याचें आयुष्य संपलें. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यांतील ९४ व्या नियमानेंहि मोटारीच्या टायरांस हीच मर्यादा घातली आहे. खांचांचें काम पाणी बाजूस काढण्याचें असतें. रोवणीच्या दिवसांत आमच्या सडकांवर पाणी वाहतें. तेव्हां टक्कल पडलेला टायर जमिनीस न टेकतां पाण्याच्या थरावर सरकतो, आणि मग ब्रेक व चक्र दोन्ही निरुपयोगी होतात.

बांधींत चालणाऱ्या ट्रॅक्टरवर १३·६-२८ यासारखीं निराळीं मापें दिसतात. तेथें दोन्ही अंक इंचांचे असून पहिला रुंदीचा व दुसरा रिमचा, आणि मधली आडवी रेघ तिरप्या थरांची निदर्शक आहे. भाषा थोडी निराळी असली तरी व्याकरण तेंच.

६. नवा टायर घेतांना

वरील सर्व विवेचन पाठ करण्याची आवश्यकता नाहीं. दुकानांत जाण्यापूर्वीं गाडीच्या दारावरील पत्रिकेंतून व जुन्या टायरवरून मापाची संपूर्ण ओळ कागदावर उतरून घ्यावी. दुकानांत टायर बसविण्यापूर्वीं ती ओळ अक्षरशः जुळते कीं नाहीं तें पाहावें. भाराचा क्रमांक व वेगाचें अक्षर मूळच्याहून खालचें नसावें. मग तारखेचे चार अंक व आय. एस. आय. ची खूण पाहावी, आणि बिलावर ते चार अंक लिहून घ्यावे. दोनच टायर घ्यावयाचे असतील तर ते एकाच आंसावर बसवावे, व शक्य तर मागें. मागचीं चाकें घसरल्यास गाडी सांवरणें कठीण जातें. इतकें करूनहि कधीं टायर फुटलाच, तर आमच्यासारखा ब्रेक न दाबतां चक्र दोन्ही हातांनीं सरळ धरावें, पाय हळूच काढून वेग आपोआप उतरूं द्यावा, आणि मगच गाडी बाजूस घ्यावी.

विद्यार्थी मित्रहो, ज्याच्या घरीं मोटार नाहीं त्यानें मोटारसायकल पाहावी. तिच्या चाकावर ८०/१०० - १८ ५४ पी अशी ओळ असेल तर रुंदी किती, उंची किती, रिम केवढी व चाकाचा परिघ किती, हें वरील रीतीनें काढावें. ५४ हा क्रमांक २१२ किलोंचा व पी हें अक्षर ताशीं १५० किलोमीटरांचें आहे, एवढें आम्ही सांगून ठेवतों. त्यानंतर तारखेचे चार अंक शोधून टायरचें वय काढावें आणि तें वडिलांस सांगावें. कदाचित् ते प्रथम हंसतील, पण मग वांकून पाहतील.

त्या दिवशीं निघतांना आम्हीं आमच्या विद्यार्थ्यास मजुरीखेरीज कांहीं अधिक देऊं केलें. तें त्यानें घेतलें नाहीं. “सर, दुसऱ्या मुलांनाहि हें शिकवा,” इतकेंच तो म्हणाला. इंग्रजीच्या ज्या पेपरांत आम्हां शिक्षकांनीं त्यास नापास केलें त्यांत हीं अक्षरें विचारलेलीं नव्हतीं. आतां आमच्या वर्गांत शेंकडेवारीचा धडा आला कीं आम्ही फळ्यावर प्रथम १८५/६५ आर १५ ८८ एच ही ओळ लिहितों, आणि तिचा अर्थ सांगावयास त्या मुलाचें नांव घेऊन आरंभ करतों.